बाबांच्या नळीतली वस्ती

बाबांची नळी पहिल्यांदा तुंबली त्या सकाळी मी चोपड्याच्या धक्क्यावर गुडघे टेकून बसले होते आणि शापोरा नदीतून लोखंडी पट्ट्या वर ओढत होते. ते माझं पीएचडीचं काम होतं. तळहाताएवढ्या पट्ट्या दोरीला बांधून पाण्यात सोडायच्या, ठरलेल्या दिवशी वर काढायच्या आणि त्यांच्यावर जिवाणूंनी धरलेला बुळबुळीत थर खरवडून बाटलीत घ्यायचा. या थराला बायोफिल्म म्हणतात. नदीतल्या दगडावरून पाय घसरतो तो त्याच्यामुळे, आणि सकाळी दात घासण्याआधी दातांना जो चिकट लेप जाणवतो तोही तोच.

फोन आमोण्याहून होता, शेजारच्या वहिनींचा. "बाय, येतलंस काय गो? तुझे बाबा पहाटेपासून खिडकीचो गज धरून उभे आसत. त्यांका बसूक जमणा नाय. माका म्हणतत, कोणाक सांगू नको."

पट्ट्या तशाच पाण्यात सोडल्या आणि स्कूटर काढली. चोपड्याहून म्हापसा, म्हापशाहून डिचोली, तिथून आमोणे. वाटेत कुठे थांबले नाही.

बाबा मूळचे वेंगुर्ल्याकडचे. विशी उलटायच्या आत आमोण्याला आले, मांडवीतून खनिज वाहून नेणाऱ्या बार्जवर खलाशी म्हणून लागले आणि पुढे बरीच वर्षं सुकाणूवर उभे राहिले. खाणी बंद पडल्या, बार्ज किनाऱ्याला लागल्या, आणि त्याच सुमाराला आई गेली. मी एकुलती एक. तेव्हापासून ते आमोण्याला एकटे आणि मी मांद्र्याला एकटी. वर्षभरापूर्वी त्यांची लघवी अडली. प्रोस्टेट वाढली होती, पण हृदय अशक्त, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू. मोठं ऑपरेशन झेपणार नाही म्हणून डॉक्टरांनी कायमची नळी घातली. नळीचं दुसरं टोक मांडीला बांधलेल्या पिशवीत. दर महिन्याला डिचोलीच्या आरोग्य केंद्रात जाऊन नळी बदलायची. दर पंधरा दिवसांनी येईन असं मी म्हटलं होतं. प्रत्यक्षात दोन-दोन महिने जायचे.

घरात शिरले तेव्हा ते खिडकीशीच होते. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. पिशवी कोरडी.

"तू कशाक इलंस?" म्हणाले. "कामाचो दिस ना तुझो?"

"फोन कित्याक नाय केलात?"

"नळी बदलली की झाला. त्याच्यात फोन कसलो?"

वहिनींच्या दिरानं गाडी काढली. आरोग्य केंद्रात सिस्टरनी जुनी नळी ओढून काढली, नवी घातली, आणि पिशवी भरायला लागली तसा बाबांनी छताकडे बघत इतका लांब श्वास सोडला की सिस्टरही क्षणभर थांबली. मी मात्र ट्रेमधल्या जुन्या नळीकडे बघत होते. तिच्या टोकावर पांढरट, रेताड कवच होतं आणि भोक पार बुजलं होतं. वरून अमोनियाचा उग्र वास. तो वास मागच्या खेपेला बाबांच्या खोलीतही आला होता आणि मी नुसती खिडकी उघडली होती. पाच वर्षं मी हाच थर शिकत होते. नदीतल्या लोखंडावर तो कधी धरतो, कसा धरतो, खारं पाणी आत आलं की काय होतं, हे मला विचारलं असतं तर मी तासभर बोलले असते. बापाच्या शरीरात एक नळी वर्षभर होती आणि तिच्यावर काय साचतंय हे मी एकदाही पाहिलं नव्हतं.

नळी घालणाऱ्या म्हापशाच्या डॉक्टरांनी इन्फेक्शनची औषधं लिहून दिली. नऊ दिवसांनी नळी पुन्हा तुंबली. या वेळी बाबांनी स्वतः फोन केला, पण "वेळ गावलो तर ये" एवढंच म्हणाले.

"कायमची नळी असली की हे होतंच," डॉक्टर मला म्हणाले. माणूस चांगला होता, बाहेर रांग मोठी होती. "औषधानं एक इन्फेक्शन जातं, मग दुसरं नवं येतं. आपण बदलत राहायचं."

त्यांच्या तपासणीत जिवाणूचं नाव आलं होतं: प्रोटियस. आमच्या प्रयोगशाळेत त्याला कुणी फारसं हात लावत नाही, कारण त्याला वाढवायच्या काचेच्या बशीला मासळीसारखा वास येतो आणि तो बशीत एका जागी राहत नाही. माझ्या गाईड मॅडमकडे गेले आणि बाबांची नळी आणून तपासू का, असं विचारलं. मॅडम कमी बोलायच्या. पाच वर्षांत त्यांनी मला घरचं कधी काही विचारलं नव्हतं आणि मीही कधी सांगितलं नव्हतं.

"नमुना माणसाचा आहे," त्या म्हणाल्या. "त्यांची लेखी परवानगी हवी, डॉक्टरांचं पत्र हवं. प्रबंधात यातलं काही जाणार नाही. रविवारी करायचं, बाकीच्यांची कामं अडवून नाही."

परवानगीचा कागद घेऊन मी आमोण्याला गेले. बाबा बलकांवात, म्हणजे घरापुढच्या दगडी बैठकीवर, चहात उंडा पाव बुडवून खात बसले होते. कागद त्यांनी लांब धरून दोनदा वाचला.

"घाण माझी, नि सही पण माझी?"

"नियम आसा तसो."

"काय करतलंस तिचा?"

मग मी सांगायला बसले. कुणाला तरी माझं काम पहिल्यापासून सांगायची वेळ बऱ्याच वर्षांनी आली होती. म्हटलं, पाण्यात जिवाणू एकटा पोहत असतो. त्याला शेपट्या असतात, त्या फिरवत तो इकडून तिकडे जातो. फिरता फिरता कशाला तरी टेकतो. शेपटी अडते, नीट फिरत नाही, आणि एवढ्यावरून त्याला कळतं की इथे काही घट्ट आहे. लगेच तो तिथे राहत नाही. पुष्कळदा सुटून जातो, परत येतो. पण टेकून राहिला तर त्याच्या आत निरोपासारखं एक रसायन वाढायला लागतं. ते वाढलं की पोहणं बंद आणि चीक सोडणं सुरू. त्या चिकात तो स्वतःला रोवून घेतो. दुसरे येतात, तेही रोवून घेतात. प्रत्येक जण पाण्यात आणखी एक रसायन थोडं थोडं सोडत असतो. एकटा असला तर ते वाहून जातं. गर्दी वाढली की ते साचतं, आणि ते किती साचलंय यावरून त्यांना आपण किती जण आहोत हे कळतं. मग सगळे मिळून वेगळं वागायला लागतात. औषध आलं तर वरचे मरतात, चिकाच्या आतले टिकतात. खायला कमी पडलं की काही जण सुटून पुन्हा पोहायला निघतात.

 बाबांनी उंडा संपवला, कप खाली ठेवला.

"बार्जच्या बुडाक आधी बुळबुळच धरता," ते म्हणाले. "शिंपले मागसून येतत. पावसात बार्ज हंय वर, गोड्या पाण्यात आणून ठेवली की शिंपले मरान पडत. बुळबुळ मात्र तशीच रव्हायची. आमी ब्रश घेवन घासू, आठ दिसांनी परत."

माझ्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण याच गोष्टीवर होतं: खारं पाणी गोडं झालं की थरात कोण टिकतं. पाच वर्षांत मी त्यांना कधी विचारलं नव्हतं.

"ह्या तुमका ठाऊक होता?"

"तू विचारूकच नाय," ते म्हणाले आणि खिशातलं पेन काढून सही केली.

त्यानंतर दोन महिने माझं आमोण्याला जाणंयेणं इतकं वाढलं की अस्नोड्याच्या पुलापाशी भाजी विकणारी बाई मला ओळखायला लागली. नळी कधी आठ दिवसांत तुंबायची, कधी अकरा. प्रत्येक वेळी औषधं बदलायची. प्रत्येक वेळी सिस्टर जुनी नळी निर्जंतुक डब्यात घालून माझ्या हातात द्यायची, आणि मी ती बर्फात ठेवून प्रयोगशाळेत आणायची. त्यातल्या तीन नळ्यांवरचे जिवाणू मी वेगवेगळे वाढवून ठेवले.

मी मांद्र्याला एका गेस्टहाऊसच्या मागच्या खोलीत राहत होते. पुढच्या खोल्यांमधून हंगामात तीन-तीन दिवसांचे पाहुणे यायचे आणि जायचे. हंगाम संपला की मालक त्या खोल्यांना कुलूप घालायचे आणि सबंध वाड्यात मी एकटी उरायची. शनिवारी दुपारी कामाहून आले की सोमवारपर्यंत कुणाशी बोलायचं कारणच नसायचं. सोमवारी पहिला शब्द उच्चारताना घसा खाकरावा लागायचा. याची मला इतकी सवय झाली होती की ते मी कुणाला सांगण्यासारखं समजत नव्हते. माझ्याबरोबर लागलेल्या दोघी काम सोडून गेल्या होत्या, एक लग्न होऊन, एक बंगळूरला नोकरीला. त्यांचे मेसेज सुरुवातीला यायचे.

एका शनिवारी संध्याकाळी मी तिन्ही नळ्यांवरचे जिवाणू एकाच बशीत तीन टिंबांनी ठेवले. दुसऱ्या बशीत बाबांचा एक आणि प्रयोगशाळेच्या फ्रीजमधला जुना, दुसऱ्याच कुठल्या तरी माणसाचा एक. ही चाचणी साधी आणि जुनी आहे. प्रोटियस पाण्यात आखूड असतो. घट्ट पृष्ठभाग लागला की तो लांबच लांब होतो, अंगभर शेकडो शेपट्या फुटतात, आणि शेजारच्याला चिकटून टोळीनं सरकायला लागतो. थोडं सरकतो, थांबतो, पुन्हा आखूड होऊन वाढतो, पुन्हा सरकतो. बशीत एकाबाहेर एक वर्तुळं उमटतात. दोन अनोळखी टोळ्या समोरासमोर आल्या की त्या एकमेकींना ओळखतात आणि मिसळत नाहीत. दोघींच्या मध्ये स्पष्ट रेघ राहते. एकाच वंशाच्या असल्या तर रेघ पडत नाही.

रविवारी सकाळी इमारतीत फक्त रखवालदार होता. मी उबवणपेटी उघडली, बशा उजेडात धरल्या. दुसऱ्या बशीत बाबांचा आणि परक्याचा यांच्यामध्ये भांगासारखी सरळ रेघ होती. पहिल्या बशीत एकही नव्हती. तिन्ही वर्तुळं एकमेकांत शिरून एक झाली होती.

चूक नको म्हणून पुढच्या रविवारी सगळं पुन्हा केलं. तेच आलं. तेव्हा मॅडमना दाखवलं. त्यांनी बशी डोळ्यांजवळ नेली, फिरवली, आणि म्हणाल्या, "डॉक्टरांना दाखव. उद्याच."

दुसऱ्या दिवशी बशी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. "नवं इन्फेक्शन येत नाहीये," मी म्हटलं. "तिन्ही वेळा तेच आहेत. नळी बदलली, औषधं बदलली, तरी तेच. बशीत ते तुमच्या औषधानं मरतात, म्हणजे औषध चुकीचं नाही. ते आत कुठेतरी घर करून आहेत. नवी नळी घातली की तिथून उतरून तिच्यावर बसतात."

"सोनोग्राफी केली होती. मूत्राशय साफ होतं."

"ती वर्षापूर्वीची. नळी घालण्याआधीची."

त्यांनी बशी उजेडाकडे धरून पाहिली. मग चिठ्ठी ओढून घेतली आणि पुन्हा सोनोग्राफी लिहून दिली. "हे आधीच करायला हवं होतं," असंही म्हणाले. असं म्हणणारे डॉक्टर मी फार पाहिलेले नाहीत.

खडा होता. चिंचोक्याएवढा. प्रोटियस लघवीतून अमोनिया तयार करतो, लघवीची आम्लता कमी होते आणि तिच्यातले क्षार खाली बसायला लागतात. नळीवरचं पांढरं कवच त्याचंच. तेच क्षार मूत्राशयात एकत्र येऊन खडा झाला होता आणि त्याच्या थराथरात जिवाणू चिणलेले होते. औषध तिथे पोचणं शक्यच नव्हतं.

दुर्बिणीनं खडा फोडून काढायचं ठरलं. कमरेखालचा भाग बधिर करून, अर्ध्या तासाचं काम. रक्त पातळ करायच्या गोळ्या आधी काही दिवस बंद ठेवल्या. आत नेण्याआधी बाबांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं घराबद्दल, कागदपत्रांबद्दल काही सांगतील.

"तू काय खाल्लंस?" त्यांनी विचारलं.

"खाल्लंय."

"खोटा सांगतंस. खाली जावन काय तरी खा. मी हंयच आसंय."

मी खाली गेले नाही. बाकावर बसून राहिले. आजूबाजूच्या प्रत्येक पेशंटबरोबर चार-चार माणसं होती, डबे उघडत होती, फोनवर कळवत होती. मला कळवायला वहिनींशिवाय कुणी नव्हतं आणि त्यांना कळवून झालं होतं. अर्ध्या तासाचा तास झाला तेव्हा मी मॅडमना मेसेज केला, नुसतं "आत नेलंय". त्यांचं उत्तर लगेच आलं: "मी जागेवर आहे. झालं की सांग." पाच वर्षांत त्यांच्याकडून आलेला हा पहिलाच मेसेज, ज्यात कामाचं काही नव्हतं.

सगळं नीट झालं. खड्याचे तुकडे डॉक्टरांनी मला बाटलीत दिले. मॅडमनी आणि मी मिळून ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. आतून वाढवलेले जिवाणू बशीत बाबांच्या नळीवरच्यांशी रेघ न पाडता मिसळले. मॅडम मान वर न करता म्हणाल्या, "वडिलांना सांग, नमुना उत्तम दिला."

हे सांगितलं तेव्हा बाबा खोकला येईपर्यंत हसले. आई गेल्यापासून त्यांना तसं हसताना मी पाहिलं नव्हतं.

खडा निघाला आणि नळी महिना टिकायला लागली. बाबा एकटे बसनं डिचोलीला जाऊन बदलून यायचे. मला फोन यायचा तो महिन्यातून एकदा: "बदलली. बरी आसा. ठेवतंय." मी नदीवर जायची, पट्ट्या काढायची, खरवडायची, मांद्र्याला परत यायची. जे व्हावं म्हणून धडपडले तेच झालं होतं. आणि तरी फोन वाजला की आता आमोण्याहून असेल, आता निघावं लागेल, असं वाटून मी उठून उभी राहायची, आणि तसं नसलं की उगाच खट्टू व्हायची. त्या तुंबण्याची मला आठवण येत होती. हे लिहितानाही लाज वाटते.

पुढच्या जानेवारीत, ऐन हंगामात, एका दुपारी गेस्टहाऊसच्या फाटकाशी बाबा उभे दिसले. हातात कापडी पिशवी, उन्हानं चेहरा लाल. तीन बस बदलून आले होते. मी मांद्र्याला राहायला येऊन सहा वर्षं झाली होती आणि ते कधीच आले नव्हते.

"काय झाला?" मी धावत गेले. "तुंबली?"

"काय्येक नाय झाला. किसमूर दिली वहिनीन, ती घेवन इलंय."

सुक्या मासळीची किसमूर पोचवायला कुणी तीन बस बदलत नाही. मी त्यांना खोलीत आणलं. एकच खुर्ची होती, ती दिली. ते बसले आणि सावकाश सगळं बघत गेले: एक पलंग, एक शेगडी, एक ताट, एक पेला वाळत घातलेला, भिंतीवर भरती-ओहोटीचं वेळापत्रक. पुढच्या अंगणात परदेशी पाहुणे मोठ्यानं हसत होते.

"त्यांच्यावांगडा बोलतंस काय?"

"नाय. ते परवा जातले."

"मगे हंय कोण आसा तुका?"

मी शेगडीकडे वळले. "काम आसा," म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "माका वाटला, मीच एकटो आसंय. तू शिकलेला, शाराच्या माणसांत. तुझा बरा चल्ला आसतला."

मी भात टाकला. एका ताटात त्यांना वाढलं, मी झाकणावर घेतलं. किसमूर खारट झाली होती, दोघांनीही तसं म्हटलं नाही. जेवण झाल्यावर मी म्हटलं, राहा आज. ते पायाशी बघत म्हणाले, "पिशयेचो भरवसो नाय. तुझा अंथरूण खराब व्हायत." मी म्हटलं, होऊ दे. पण ते उठले. वयानं थकलेला माणूस लाजतो तेव्हा त्याला जास्त अडवू नये हे मला तोवर कळलं होतं. चारच्या बसला बसवून दिलं. चढताना त्यांनी एका हातानं दांडा धरला आणि दुसऱ्यानं मांडीवरची पिशवी सावरली. मागे वळून पाहिलं नाही, कारण वळणं त्यांना जड जात होतं.

पुढच्या रविवारी मी आमोण्याला गेले. नळी बदलून दहाच दिवस झाले होते, काही कारण नव्हतं. बाबा बलकांवात होते. मला बघून आधी घाबरले, मग नाही घाबरले.

"मी बोलावूक नाय हां तुका," म्हणाले.

"ठाऊक आसा."

मी चहा केला. त्यांनी बार्जच्या, मी नदीच्या दोन गोष्टी सांगितल्या, मग त्याही संपल्या. दुपारी ते बसल्या जागी झोपले. मी शेजारी बसून प्रबंधाची पानं तपासली. सहा वर्षं एकएकटं राहिलेली दोन माणसं एका दुपारीत बोलकी होत नाहीत. पाचच्या सुमाराला मी आवाज न करता उठले आणि चप्पल पायात सरकवली.

डोळे न उघडता ते म्हणाले, "अस्नोड्याक रस्तो खणलेलो आसा. सावकाश जा."